मधमाशीला फुलांची बंदी

माझ्या नणंदेला कामावर सगळे मधमाशी म्हणतात. मुलं तिला आत्या म्हणतात, आणि सासूबाईंचा पारा चढला की त्या मला "तुमची मधमाशी" असं सुनावतात, जणू मीच तिला कुठून तरी धरून घरात आणली. तिचं काम मात्र खरोखर तेच आहे. गावाबाहेर बियाणं तयार करणाऱ्या एका कंपनीची काचघरं आहेत. तिथे फुलझाडांच्या दोन जातींचा संकर करून बी धरतात. खऱ्या मधमाशीला तिथे मज्जाव आहे. दारांना, झडपांना बारीक जाळी लावलेली, कारण माशी कुठल्याही फुलावरून उठून कुठल्याही फुलावर बसते आणि सगळा हिशेब बिघडवते. म्हणून तिचं काम माणसं करतात. कळी उमलण्याआधी चिमट्याने हलकेच उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, मग हव्या त्या झाडाचे परागकण ब्रशाने त्या फुलाला लावायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. माझी नणंद हे काम लग्नाच्या वयाची होती तेव्हापासून करते आहे. लग्न तिने केलं नाही. विचारणाऱ्यांना सांगते, "मी रोज एवढी लावून देते, माझं एक राहिलं तर काय बिघडलं?"

मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते तेव्हा तिला आत काम करताना पाहिलं. पांढरा कोट, डोक्याला घट्ट फडकं, कानावर ब्रश खोचलेला, गळ्यात दोरीने लटकवलेली परागांची इवलीशी बाटली. बोलायला तोंड उघडत नव्हती, नुसती मान हलवून डबा तिकडे ठेव म्हणाली. घरी जिची जीभ क्षणभर स्वस्थ बसत नाही ती बाई हीच का, असा मला प्रश्न पडला. मी रोज सकाळी प्रार्थनेला बसते, मन एकाग्र करायला माझी किती यातायात होते ते मला ठाऊक आहे. ती एका कळीसमोर बसली होती तशी मी देवासमोर अजून बसलेली नाही.

आता तिच्या शिंकांविषयी. दरवर्षी ठरावीक दिवस आले की तिला शिंका सुरू होतात. एक आली की मागे रांग लागते. डोळे लाल होतात, नाकाचा नळ उघडा राहतो, आणि टाळूला आतून अशी खाज सुटते की ती जिभेने टाळू खाजवत टक् टक् आवाज करत फिरते. मुलं तिची नक्कल करतात, ती त्यांना लाटणं दाखवते. डॉक्टर ह्याला इंग्रजीत 'हे फीवर' म्हणतात, पुस्तकात परागज्वर असा शब्द आहे. ताप काही येत नाही. नाकात शिरलेल्या कणांना शरीर उगीचच शत्रू समजतं आणि त्यांच्याशी लढाई मांडून बसतं, एवढंच. घरादाराच्या मात्र नाकी नऊ येतात.

पराग हा शब्द कानावर पडला आणि आमच्या ह्यांनी निकाल देऊन टाकला. दिवसभर पराग नाकाशी धरायचे आणि मग शिंका का येतात म्हणून विचारायचं, ह्याला काय अर्थ आहे? काम सोड, घरी बस, चार दिवस आराम कर, दुसरं काही तरी बघू. सासूबाईंचंही तेच. नणंद एकटी सांगत राहिली की काचघरात मला शिंक येत नाही. तिचं कोणी ऐकूनच घेईना. सासूबाई म्हणाल्या, दारुडाही म्हणतो मला दारू बाधत नाही.

त्या वर्षी गोष्ट अधिक नाजूक होती. काचघरातल्या जुन्या मुकादमबाई काम सोडून लेकीकडे राहायला जाणार होत्या, आणि जांभळ्या फुलांचं अख्खं काचघर माझ्या नणंदेच्या हाती यायचं होतं. बहर सुरू झाला की ती त्याची मुकादम. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मान मोडून काम केलं ते दाराशी आलं होतं, आणि नेमकं तेव्हाच तिच्या नाकाने उचल खाल्ली. चौकातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शिंका थांबल्या, पण तिला इतकी गुंगी यायची की एक दिवस चिमटा कळीच्या आरपार गेला. तिने त्या गोळ्या घरी आणून सासूबाईंच्या हातात ठेवल्या आणि सांगितलं, "शिंका चालतील. झोपेत काम करणार नाही."

मग आमच्या ह्यांनी एक उद्योग केला. तिला न सांगता कंपनीत गेले, मोठ्या साहेबांना भेटले, आणि बहिणीच्या काळजीने सांगून आले की हिला परागांची ॲलर्जी आहे, हिला काचघरात ठेवू नका. साहेब सज्जन माणूस. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला बी भरायच्या पाकीटखान्यात बसवलं. बरी झालीस की बघू, म्हणाले. बहर काही कोणासाठी थांबत नाही, तेव्हा बघू म्हणजे काय ते तिला बरोबर कळलं.

संध्याकाळी ती घरात आली ती चप्पल न काढताच. हे पेपर वाचत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"दादा, नाक माझं आहे. त्यात तू कशाला शिरलास?"

हे म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच गेलो होतो.

"माझं भलं मला विचारून करत जा."

एवढं बोलून ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून शिंकत बसली. मी चहा नेला तर म्हणाली, "वहिनी, तुझा देव तुझं ऐकतो ना? त्याला सांग, मला नुसतं काम परत दे. नाकाचं मी बघते." मी मात्र त्या रात्री तिला बरं वाटावं म्हणूनच हात जोडले. तिचं मागणं माझ्यापेक्षा नेमकं होतं, हे मला पुढे कळलं.

पाकीटखान्यात तर तिची दैना उडाली. काचघरात निदान दिवस बरा जायचा, इथे दिवसभर रुमाल पिळायची वेळ. आमचे हे म्हणाले, बघ, अंगात मुरलंय ते बाहेर पडतंय. सासूबाईंनी गोड गोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. त्यांच्या मैत्रिणीचा जुना खोकला तिथे गेला होता म्हणे. नणंद आधी तयार होईना. मग म्हणाली, येते, पण एका अटीवर. त्यांनी जर काचघर सोड म्हटलं, तर मी खुर्चीवरून उठून निघून येणार, आणि मग मला कोणी काही शिकवायचं नाही.

डॉक्टरांचा दवाखाना शिंप्याच्या दुकानावर, एका लाकडी जिन्याच्या टोकाला. खालून इस्त्रीच्या वाफेचा वास येतो. भिंतभर तपकिरी बाटल्या, आणि डॉक्टर म्हणजे वाळलेला, सावकाश बोलणारा माणूस. आम्ही सगळे गेलो होतो, जणू लग्न ठरवायला. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला आणि उत्तर ह्यांनी दिलं. दुसऱ्याचं सासूबाईंनी दिलं. डॉक्टर पेन्सिल खाली ठेवून बघत राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "ही फार हट्टी आहे, तेही लिहा."

"लिहितो," डॉक्टर म्हणाले. "स्वभाव आम्ही लिहितोच." आणि खरंच लिहिलं. मग अगदी नम्रपणे म्हणाले की पेशंट सोडून बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर बसावं, पंखा तिथेही आहे. नणंदेने माझा पदर धरला आणि वहिनी राहू दे म्हणाली, म्हणून मी राहिले.

त्यांचे प्रश्न मला आधी भलतेच वाटले. उघड्या हवेत बरं वाटतं की खोलीत, तहान किती लागते, कुठल्या कुशीवर झोपतेस. नाकातलं पाणी झोंबतं की डोळ्यांतलं? ती म्हणाली, नाकातलं, वरचा ओठ सोलून निघतो. डॉक्टरांनी सांगितलं की कांदा चिरताना जे होतं ते ह्याच्या जवळपास जातं, म्हणून त्यांच्या शास्त्रात अशा रोग्याला कांद्यापासून केलेलं औषध देतात. निरोग्याला जे त्रास देतं तेच अगदी थोडं देऊन तसाच त्रास हटवायचा, असा त्यांचा सिद्धांत. थोडं म्हणजे किती, असं तिने विचारलं. ते म्हणाले, पातळ करत करत इतकं, की शेवटी कांद्याचा कणही शोधून सापडायचा नाही.

"म्हणजे मला कांद्याची आठवण देणार," नणंद म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसले. म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर ह्याहून वाईट बोलतात. ते ह्याला औषध मानत नाहीत, आणि तुम्हीही माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आठवण घ्या, पण आधी मला तुमचा एक दिवस सांगा. उठल्यापासून, काही न गाळता.

तिने काचघरात होती तेव्हाचा सांगितला. सकाळी डोळे उघडायच्या आत शिंका. तोंड धुतलं की जरा कमी. कामावर जाताना मोकळ्या माळावरून पायवाट आहे, तिथे परत जोर. काचघरात शिरताना हातपाय आणि तोंड धुवावं लागतं, कोट चढवावा लागतो, आणि मग दुपारपर्यंत नाक असं कोरडं की आहे की नाही विसरावं. सुटीच्या दिवशी मात्र सगळ्यात वाईट. डॉक्टरांची पेन्सिल थांबली.

"सुटीच्या दिवशी वाईट? तेव्हा तर फुलं जवळ नसतात."

"तेच मी सगळ्यांना सांगतेय," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते शिंकेचं नव्हतं. तिचं वाक्य कोणीतरी पहिल्यांदा लिहून घेतलं होतं.

आता बसवलंय त्या पाकीटखान्याच्या खिडक्या कुठे उघडतात, त्यांनी विचारलं. माळाकडे. माळावर काय आहे? गवत, कमरेइतकं, तुऱ्यावर आलेलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की सगळे पराग सारखे नसतात. जे माशीच्या अंगाला चिकटून जायचे असतात ते जड आणि चिकट असतात, आपण होऊन फारसे उडत नाहीत. गवताचे वाऱ्यावर जायचे असतात, म्हणून हलके आणि ढिगाने. ह्या आजारात बहुतेक वेळा गुन्हेगार तेच. पण एक त्यांना जुळेना. उठल्याबरोबर शिंका का? घरात तर गवत नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, हिचं अंथरूण कुठे वाळतं?

मी म्हटलं, घरामागच्या उतारावर. सासूबाई रोज तिची उशी आणि पांघरूण तिथे उन्हात टाकतात, जंतू मरावेत म्हणून. शिंका वाढल्यापासून तर दोनदा टाकतात.

"उतारावर काय आहे?"

मी उत्तर द्यायच्या आधीच नणंद हसायला लागली. खुर्चीचा हात धरून इतकी हसली की बाहेरून ह्यांनी दारावर टकटक केली.

डॉक्टरांनी बाटलीभर गोळ्या दिल्या. हात न लावता झाकणातूनच जिभेवर टाकायच्या, आगेमागे काही खायचं नाही. पण त्याबरोबर त्यांनी हॉस्पिटलची चिठ्ठीही लिहून दिली. माझा अंदाज हा पुरावा नाही, म्हणाले, तिथे हातावर टोचून तपासतात, ते करून घ्या. आणि छातीत कधी घरघर वाटली तर माझी वाट न बघता थेट तिकडे जा.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगायचं कोणी? नणंदेनेच सांगितलं, सरळ. सासूबाईंनी ऐकलं आणि उशी छातीशी धरून म्हणाल्या, "उन्हाने कधी कोणी आजारी पडलंय का? मी माझ्या लेकीला आजारी पाडलं म्हणता?" त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गवतावरच राग काढायचा म्हणून त्यांनी माळ्याला बोलावून अख्खा उतार छाटून घेतला. फुलोऱ्यातलं गवत कापल्यावर जे उडायचं ते सगळं उडालं, आणि त्या दिवशी नणंदेने जेवढ्या शिंका दिल्या तेवढ्या आधीच्या आठवड्यात दिल्या नसतील. सासूबाई खिडकीआडून बघत होत्या. मग त्या गुपचूप आल्या, खिडकी लावली, उशीची खोळ बदलली आणि म्हणाल्या, "आता घरातच वाळत घालीन." माफी वगैरे आमच्या घरात कोणी मागत नाही, हे तिच्या जागी होतं. नणंद म्हणाली, "आई, तू माझ्यासाठी ऊन आणलंस. गवत न बोलावता आलं, त्याला तू काय करणार?" दोघींनी एकाच ताटात जेवण केलं.

हॉस्पिटलात हातावर थेंब ठेवून बारीक टोचून बघतात. ज्याची ॲलर्जी असेल तिथे गांधी उठते. नणंदेने पदराआडून आपली ती बाटली काढली, गेल्या बहरातल्या जांभळ्या फुलांच्या परागांची, आणि हेही टोचा म्हणाली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमच्या यादीत हे नाही. नणंद म्हणाली, माझ्या पोटापाण्यात तेच आहे. तिने बाटली खाली ठेवलीच नाही. शेवटी बाई वरिष्ठांना विचारून आल्या आणि तेही टोचलं. गवताच्या जागी नाण्याएवढी लाल गांधी आली. जांभळ्या फुलाची जागा तशीच, कोरी. नणंदेने आमच्या ह्यांच्या नाकासमोर हात धरला. हे चष्मा काढून पुसायला लागले.

हॉस्पिटलातून नाकात मारायचा फवारा मिळाला. बाहेरून आलं की केस धुवायचे, सकाळी खिडक्या बंद ठेवायच्या, माळ टाळून लांबच्या रस्त्याने जायचं, असं सगळं सुरू झालं. गोड गोळ्याही ती नेमाने घेत होती. डॉक्टर तिला आवडले होते आणि आईचं मन मोडायचं नव्हतं. शिंका उतरल्या, पण गेल्या नाहीत. कशाने किती उतरल्या हे मी सांगू शकत नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. सासूबाई गोळ्यांचं म्हणतात, हे फवाऱ्याचं म्हणतात. नणंद म्हणते, उशीचं.

इकडे बहर दाराशी आला होता. तिने साहेबांना निरोप पाठवला, तर उत्तर आलं, बरी झाल्याचा दाखला आण. ती गोड गोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दाखला द्यायला नकार दिला. म्हणाले, हा पाहुणा दरवर्षी येणारच, मी खोटं लिहिणार नाही. हिला गवताच्या परागांचा त्रास आहे, हॉस्पिटलच्या तपासणीत काचघरातल्या फुलांचा त्रास दिसला नाही, तिथे काम करायला माझी हरकत नाही, एवढंच त्यांनी लिहून दिलं. आम्हाला वाटलं, संपलं. ह्यांनी सुचवलं की चौकातल्या डॉक्टरांना गळ घालू, ते बरी म्हणून लिहून देतील. ती म्हणाली, "नको. आजारी आहे म्हणून तू खोटं बोलून आलास, आता बरी आहे म्हणून मी खोटं बोलू? तू माझ्याबरोबर चल. तिथे जे बोललास ते तूच परत घ्यायचं."

आम्ही तिघं गेलो. साहेबांच्या खोलीत टेबलावर कुंड्या, खिडकीतून समोरचं अंगण आणि पलीकडे काचघरं दिसत होती. आमचे हे खाली बघून काहीतरी पुटपुटले.

"दादा, साहेबांना ऐकू आलं नाही."

ह्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की मी आलो होतो तेव्हा मला काही माहीत नव्हतं, अंदाजाने बोललो, चुकलो. ह्यांना कोणापुढे चुकलो म्हणताना मी लग्नापासून ऐकलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला.

साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. म्हणाले, ह्यात बरी झाली असं कुठेच लिहिलेलं नाही. मग तू बरी आहेस की नाही?

"नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी गवत येईल तेव्हा पुन्हा शिंकणार आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही. बरी होऊन येते असं म्हटलं तर मी कधीच यायची नाही. आजारी म्हणून तुम्ही मला जिथे बसवलंत तिथे माझा आजार वाढला, आणि जिथून उठवलंत तिथे मला तो नव्हता. मला दया नकोय. माझी जागा हवी."

साहेब म्हणाले, आणि आत शिंक आलीच तर? एवढ्या कळ्या उघड्या असतात.

"तर फुलाकडे पाठ करून शिंकेन. पडसं झालं की सगळ्या बायका तेच करतात. त्यांच्याकडून कधी दाखला मागितलात?"

साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, माझ्या मान डोलावण्याला तिथे काही किंमत नव्हती तरी. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, घरून पुन्हा कोणी तक्रार घेऊन येणार नाही ना?

"आला तर दारातच अडवा," ती म्हणाली.

साहेबांना हसू आवरेना. जा, मुकादमबाई वाट बघतायत, म्हणाले.

ती आमच्यासाठी थांबलीसुद्धा नाही. माझ्या हातातला रुमाल ओढून घेतला आणि अंगणात उतरली. अंगणाच्या कडेला नुकतंच कोणी गवत कापून ढीग लावला होता. अर्ध्या वाटेत तिला शिंक आली. वळून आडोसा शोधला नाही की तोंड लपवलं नाही, साहेबांच्या खिडकीसमोर भर उन्हात उभी राहून ती लागोपाठ शिंकली. साहेब बघत होते. तिने नाक पुसलं, फडकं डोक्याला घट्ट बांधलं, आणि काचघराचं दार ढकलून आत गेली.